पुण्यवानांचं घराणं

२०१४, मार्चमधला शनिवार. जिना पुसायची पाळी आमची होती, इथे जर्मनीत, एर्लांगेनला, बिल्डिंगमध्ये ती आळीपाळीने येते. हे म्हणाले, अगं बादली उचलू नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी म्हटलं, मग तुम्ही पुसा. आणि खरंच पुसायला लागले, तशी मी पायरीवर बसून दादाला फोन लावला.

मी मूळची मिरजेची. काय सांगू तुम्हाला, आमच्या घराण्याची एक ऐट होती, आमच्याकडे अंथरुणाला खिळून कोणी जात नाही. आमचे वडील, आप्पा, पाटावर जेवताजेवता गेले, काका मोटरसायकलला किक मारताना, वय चाळीसही नव्हतं, आणि भेटायला येणारा जो तो म्हणायचा, पुण्यवान माणूस, कोणाला त्रास दिला नाही. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनाही मी तेच ऐकवलं, म्हणजे मी मराठीत आणि हे जर्मनमध्ये. माझी महाधमनी, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, फुगलेली सापडली होती, म्हणून त्या घरातल्यांचं विचारत होत्या. मी आपली ताठ बसून, आमच्याकडे आजार नाहीच म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दोघंही असे अचानक गेले, तर कदाचित हीच फुटून. हे घराण्यातून येऊ शकतं, भावाला तपासून घ्यायला सांगा. मला मान वर करवेना. आप्पांच्या मरणाची आम्ही इतकी वर्षं फुशारकी मारत होतो हो.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, आप्पांचं चांगलं मरण तुला तिकडे बसून नासवायचंय का? आणि माझ्या सईच्या लग्नाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, रक्तात दोष म्हटलं की मुलाकडचे उठून जातील, अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नकोस. आणि मी, काय सांगू, बरं म्हणाले. ह्यांनी फडकं पिळत विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, जातो म्हणाला तपासायला. माहेरची अब्रू झाकायला नवऱ्याशी खोटं बोलले, दिवसभर ह्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता सईलाच फोन लावला. आत्या बोलतेय म्हटलं, आणि सगळं सांगितलं, तुझ्या बाबांना घेऊन छातीचा स्कॅन करून ये, तुझाही कर. पोरगी ऐकून घेऊन म्हणाली, आत्या, आणि मुलाकडच्यांना? म्हटलं, ते तू ठरव, लग्न तुझं आहे, बाबांना आधी गाडीत घाल. मग ह्यांना उठवलं आणि दादा खरं काय म्हणाला ते सांगितलं.