शेखरदादा, माझे वर्गमित्र

वहिनी, आणि दादांसाठी इथे जमलेले तुम्ही सगळे, नमस्कार. वहिनी काल म्हणाल्या, "मृणाल, तूच बोल. तू रडणार नाहीस." वहिनी, अंदाज चुकला तुमचा. एक क्षण थांबते.

इथल्या कंपू मोहल्ल्यात शेखरदादांचं आणि माझं क्लिनिक गेली वीस वर्षं एकत्र. पण त्याआधी आम्ही वर्गमित्र. हो, वर्गमित्र! फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी अठराची, दादा एकतीसचे. कोलकात्यात व्यावसायिक फुटबॉल खेळले, गुडघा कायमचा दुखावला, आणि आमच्या बाकावर येऊन बसले. पोरं त्यांना 'अंकल' म्हणायची. दादा शरीररचनेत चक्क नापास झाले. मग माझ्याकडे आले. "मृणाल, मला शिकवशील?" स्नायूंची नावं काही लक्षात राहत नसत. मग स्वतःच्या पायावर बोट ठेवून पाठ करायचे. "हा दोनदा फाटला. हा एकदा. हा अजून दुखतो." असे पास झाले आमचे दादा!

क्लिनिकमध्ये येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी खेळाडू. सराफ्यातला मान आखडलेला कारागीर असो, नाहीतर सत्तरीच्या काकू. पहिला प्रश्न एकच, "आपका मैच कब है?" काकू लाजून म्हणाल्या, "नातीच्या लग्नात नाचायचंय." दादांनी लग्नाची तारीख लिहून घेतली. आणि काकू नाचल्या!

पण दादा प्रत्येकाला हो म्हणत नसत. निकिता इथेच बसली आहे, तिला विचारूनच सांगते. दादा तेव्हा मुलींच्या हॉकी संघाचे फिजिओ होते. उपांत्य सामन्याच्या सकाळी निकिताचा गुडघा सुजलेला. प्रशिक्षक म्हणाले, इंजेक्शन द्या, एक मॅच निघून जाईल. दादा म्हणाले, नाही. निकिता रडली, ओरडली, "सर, आपने मेरा करियर खत्म कर दिया!" दादा म्हणाले, नाही. संघ हरला. पुढच्या मोसमात दादांना कुणी बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "दादा, एवढं ताणायला हवं होतं का?" आपला जुना गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "माझ्या वेळी सगळे हो म्हणाले गं. डॉक्टर हो म्हणाले, कोच हो म्हणाले. सगळ्यांच्या आधी मीच हो म्हणालो. एकानं जरी नाही म्हटलं असतं..."

दोन महिन्यांनी निकिताची आई तिला हाताला धरून घेऊन आली. ही बोलेना. दादा व्यायाम करून घ्यायचे आणि एकटेच बोलत राहायचे. सव्वा वर्ष लागलं. ती पुन्हा मैदानात उतरली, तेव्हा दादांना बघवेना. मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि मला विचारत होते, "पळते का? वळताना बिचकत नाही ना?" मी सांगत होते, "नाही दादा. मस्त वळतेय."

गेल्या मंगळवारी सकाळी दादांचं हृदय थांबलं. इतक्या जणांना बरं केलं त्यांनी, आणि आम्हाला त्यांच्यासाठी काहीच करता आलं नाही. हे मला फार लागतंय.

उद्या नऊला क्लिनिक उघडेल. मला दादांसारखं जमणार नाही. तरी या.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी बसूनच राहा. दादांनी तुम्हाला उठूच दिलं नसतं.