ट्रकची पहिली चाचणी

स्वारगेटहून खडकवासल्याला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक निवृत्त गृहस्थ मांडीवर भल्यामोठ्या चाकांचा, मांजराएवढा ट्रक घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी सिंहगड रस्ता लागेपर्यंत धीर धरला.

"नातवाचा का?"

"माझा. रिमोटवर चालतो."

"सेल घालून?"

"छे, खरं इंजिन आहे. नायट्रो नावाच्या खास इंधनावर चालतं. धूरसुद्धा सोडतं."

"हो का, पुण्यात तेवढंच कमी होतं."

"एकेक भाग मागवून स्वतः जोडलाय. सांगाडा हडपसरला कापून घेतला. रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा झाला की मी आणि हा."

"पळतो का जोरात?"

"अजून चालूच केलेला नाही. आमची ही म्हणाली, आज चालवून या, नाहीतर माळ्यावर टाकते."

"मग आनंदाने जायचं. चेहरा का असा?"

"आज चालला, तर उद्या चहा झाल्यावर मी काय करू?"

बाईंनी वाकून ट्रककडे नीट पाहिलं.

"अहो, मग इंधनाची नळी जरा सैल ठेवायची होतीत."

"ठेवलीय."