पहिल्या टेबलावर कोण बसणार?

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि या वाचनालयाच्या कार्यवाह आदरणीय सावित्रीताई परब, पुण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. अनिश वालावलकर, त्यांच्या पत्नी सौ. संचिता, पटयुद्ध मंडळाचे सर्व खेळाडू, आणि दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या वयाच्या मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मी एस.टी.त तिकीट तपासनीस होतो. त्या कामात फार बोलावे लागत नाही. गाडीला हात करायचा, आत चढायचे आणि हात पुढे करायचा. गाडी फोंडाघाटची असो की आंबोलीची, तिकीट मागितल्यावर माणूस खिशाकडे बघतो की खिडकीबाहेर, यावरून मला सगळे कळायचे. निवृत्त होताना बिल्ला आणि तिकिटाचा पंच परत केला. नजर परत घ्यायला कुणी तयार नव्हते.

त्याच नजरेने मी आज या सभागृहाकडे बघतो आहे. राग मानू नका. आपल्याकडे शाल आणि श्रीफळ फार पटकन निघते. माणसाची बदली झाली, त्याला जावेच लागणार. पण पुष्कळदा त्या शालीत त्याने उभे केलेले कामही गुंडाळून दिले जाते. हे मी पाहिलेले आहे. आज तसे होत नाही ना, एवढेच मला बघायचे आहे.

केवळ अनिशच्या प्रेमाखातर आलेल्यांसाठी हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगतो. जेवणाच्या पंगतीचे टेबल असते, तेवढे टेबल. त्यावर डोंगर, घरे, झाडे मांडलेली. दोन बाजूंना बोटाच्या पेराएवढे सैनिक, आपल्या हाताने रंगवलेले. शिंप्याकडे असते तशी टेप लावून ते पुढे सरकवायचे आणि कोण मेला, कोण वाचला ते फासे टाकून ठरवायचे. मोठी माणसे हे दिवसभर खेळतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, यात काहीतरी गौडबंगाल असणार.

माझी पत्नी किशोरी. ती या खेळात आली तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. भाचीला, म्हणजे तन्वीला, सोबत म्हणून कणकवलीहून इथे मालवणला, मंडळाच्या वार्षिक स्पर्धेला आली आणि तन्वी राहिली बाजूला, हीच खेळत बसली. संध्याकाळी घरी आली ती हातात एक छोटी ढाल घेऊन.

मी विचारले, "जिंकलंस?"

"नाय. सगळे डाव हरलंय."

"मग ह्या काय?"

"बक्षीस."

"हरणाऱ्याक बक्षीस कोण देता?"

ती म्हणाली, "तुमका काय, देवळात बसलेलो माणूससुद्धा विनातिकीट दिसता."

सांगा, कुठल्या शहाण्या माणसाला संशय येणार नाही? मला वाटले, तरुण पोरे हिची मस्करी करत असतील. एका बाईमाणसाला ढाल दिली, फोटो काढला, मागून हसली.  पुढच्या वर्षी तिच्या मागोमाग आलो आणि त्या खांबाच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो.

आणि मला घोटाळा सापडला. किशोरीसमोर सर्वेश मेस्त्री खेळत होता. सर्वेश, तू तिसऱ्या रांगेत आहेस, मला दिसतो आहेस. सर्वेश हा इथला सगळ्यात तरबेज खेळाडू. किशोरीने सैनिक उचलले तसा हा म्हणाला, "काकी, थंय जाव नकात. माजे तिरंदाज टेकडेमागे आसत, सगळे मारतले." तिने सैनिक मागे घेतले.

स्पर्धा अनिश भरवायचा. मी तडक त्याच्याकडे गेलो. "काय रे ह्यां? समोरचो आपली चाल आपणच सांगता? सामना आधीच ठरलेलो आसा की काय?"

अनिश हसला नाही. तो नोकरीला बँकेत; तिथे लोक चुकीच्या खिडकीवर येतात, त्यांना सांगावे तसे त्याने शांतपणे सांगितले, "काका, नवीन माणसाबरोबर खेळताना सांगूकच लागता. तसो आमचो नियम आसा. तेका ठावक नसताना मारलां, तर जिंकणाऱ्याचे गुण कापतो."

"आणि ती ढाल?"

"प्रत्येक डाव संपल्यावर आमी दोघांकय येगळा घेऊन इचारतो, ह्या माणसाबरोबर परत खेळशात काय? सगळ्यांत जास्त 'व्हय' जेका पडतत, ढाल तेका."

मी म्हणालो, "लोक खोटां सांगतले."

तो म्हणाला, "सांगतत. पण परत खेळूक लागतला म्हटल्यार फारसां नाय सांगनत."

 तरी दुपारभर मी खांबाशी बसून राहिलो. तेव्हा दुसरी गोष्ट कळली. सर्वेश किशोरीला सांगत होता, त्यामागेही कारण होते. आदल्या वर्षी त्याने तिला काही न सांगता चहा गार व्हायच्या आत संपवले होते आणि फोन करायला बाहेर गेला होता. अनिशने त्याचे गुण कापले. सर्वेशचा करंडक गेला. म्हणजे सर्वेश सांगत होता ते नियम होता म्हणून. नियम नसता तर सांगितले असते का? हा प्रश्न मला तेव्हाही होता. आजही आहे.

पुढे अनिशने एक काम केले. त्याचे आभार मानायला मी मुख्यतः उभा आहे. त्याने किशोरीला पहिले टेबल दिले. जो कुणी पहिल्यांदा येईल, त्याचा पहिला डाव तिच्याबरोबर. ती काही मोठी खेळाडू झाली नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे आणि मग त्याच्यावर तोफ डागावी, हा क्रम तिला बरोबर कळत होता. तिने तांबड्या जांभ्याचा भुगा चिकटवून जमीन केली, काथ्याची झाडे केली, नारळाच्या करवंटीच्या टेकड्या केल्या. नवीन पोरगे चुकले की म्हणायची, "बाळा, फासो टाकूक नाय हा अजून. मागे घे. मी बघूक नाय."

या सभागृहात ज्यांचा पहिला डाव तिच्याबरोबर झाला, त्यांनी जरा हात वर करा.

राहू दे. खाली घ्या. इतके असतील असे वाटले नव्हते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर ती गेली. आजार मोठा होता, दिवस थोडे मिळाले. त्याबद्दल मी इथे बोलणार नाही. बाराव्याला मंडळाची मुले आली. मी मनात म्हटले, आली, आता सैन्य मागणार. तिचे रंगवलेले सगळे सैनिक माझ्याकडे पेटीत आहेत. अनिश जेवला, पत्रावळ उचलली, तन्वीच्या आईशी बोलला आणि निघाला. सैन्याचा विषय त्याने काढला नाही. मी दारापर्यंत वाट पाहिली. त्यानंतर आजपर्यंत त्याने तो काढलेला नाही. माझ्या सगळ्या तपासणीत स्वच्छ निघालेला माणूस म्हणून मी त्याचे नाव घेतो. यंदा पहिल्या टेबलावर तो स्वतः बसला. आपल्या स्पर्धेत खेळायचे सोडून नव्या माणसांना शिकवत बसला. अनिश, तुझी बदली झाली त्या जालन्याचे लोक नशीबवान आहेत.

आता सैन्य मागितले ते कुणी? सर्वेशने. गेल्या महिन्याभरात अनेकदा. "काका, मंडळाच्या कपाटात ठेवूया, काकींच्या नावान." शब्द चांगले आहेत. अनिशनंतर स्पर्धा सर्वेश चालवणार, हेही आपण टाळ्यांच्या गजरात ऐकले. पण काल संध्याकाळी बसस्थानकासमोर मी चहा घेत होतो. पलीकडच्या बाकावर सर्वेश आपल्या मित्राला सांगत होता, "फुडल्या वर्सापासून जरा दमदार करूया. भायरचे खेळाडू हाडूया. नवशिक्यांक शिकवीत बसलाव तर दोन डाव फुकट जातत." त्याने मला पाहिले नव्हते. मला कुणी पाहत नाही, ही माझी नोकरीच होती.

सर्वेश, मान खाली घालू नकोस. तू वाईट मुलगा आहेस असे मी म्हणत नाही. तुला जिंकायला आवडते, यात गैर काय? पण ज्या कपाटात तिचे सैन्य जाईल, त्याच्या समोरच नवीन माणूस दारात उभा राहणार आणि त्याला कुणी 'ये' म्हणणार नसेल, तर ते सैन्य माझ्या घरी बरे. म्हणून मला आजच, अनिश इथे असतानाच कळले पाहिजे. पहिल्या टेबलावर कोण बसणार?

उत्तर तोंडी नको. तोंडी उत्तरे मी चाळीस आसनी गाडीत रोज ऐकली आहेत. आपल्याकडे शब्द घ्यायची एक जुनी पद्धत आहे. पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो, तिला आम्ही गाऱ्हाणे म्हणतो. एकाने देवापुढे मागणे मांडायचे, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. अध्यक्षांची परवानगी घेऊन एक छोटे गाऱ्हाणे घालतो. उभे राहिलात तर बरे.

बा देवा म्हाराजा! आमचो अनिश आज परगावाक चललो हा, तेका आणि तेच्या घरच्यांका सुखात ठेव रे म्हाराजा!

छान. मागच्या रांगेचा आवाज येऊ दे.

जो कोण नवो माणूस खेळाक येतलो, तेका मानान बसव रे म्हाराजा!

आणि फुडल्या वर्सी, पयल्या टेबलार, नव्या माणसांका शिकवूक, सर्वेश मेस्त्री सोता बसतलो रे म्हाराजा!

बसा सगळे.

सर्वेश, तूसुद्धा म्हणालास. मी तुझ्याकडेच बघत होतो. सवयीने तोंडातून गेले, हे मला ठाऊक आहे. आपल्यातला कुणीही माणूस 'रे म्हाराजा' ऐकल्यावर तोंड मिटून राहू शकत नाही, आणि त्याच भरवशावर मी हे केले. पण म्हटलेले म्हटले. मागे घ्यायचे असेल तर आता घे, किशोरीच्या रीतीत ते बसते.

नाही? बरे.

सैन्य मात्र आज देणार नाही. पुढच्या वर्षी नवशिक्यांत माझे नाव घाला. पेटी घेऊन मीच येईन आणि पहिल्या टेबलावर सर्वेशसमोर मांडेन. मला या खेळातले काही कळत नाही, मी चुकणारच. त्या वेळी तो सांगतो की गप्प बसून मारतो, हे मी बघेन. सांगितले, तर डाव संपल्यावर सैन्य इथेच राहील. नाहीतर संध्याकाळच्या कणकवली गाडीने परत जाईल.

अध्यक्षबाईंनी ठरल्यापेक्षा जास्त वेळ बोलू दिले, पाहुण्यांनी ऐकून घेतले, सर्वांचा आभारी आहे. अनिश आणि संचिता, सुखरूप जा. एका संशयी माणसाच्या बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर पदरात घ्या. सर्वेश, तुलाही विनंती तीच. पण तयारीने ये, कारण मी येणार आहे. नमस्कार.