निलगिरीचं पांघरूण

ऑस्ट्रेलियातल्या कटूंबा गावच्या दवाखान्यात माझ्यासमोर साठीतलं एक जोडपं बसलं होतं. ग्लेनिसचा उजवा हात झोळीत आणि नेव्हिलच्या मांडीवर एक लोकरी पांघरूण.

“दोन झाडांमध्ये नायलॉनची पट्टी ताणून तिच्यावर तोल सांभाळत चालायला शिकायचं, हे खूळ कुणाचं?”

“माझं. पण पहिली दोन पावलं तू झकास टाकलीस.”

“तिसऱ्याला आपटले. माझ्या आईने विणलेलं हे पांघरूण तेव्हा कुठे होतं?”

“निलगिरीला गुंडाळलं होतं. नाहीतर पट्टीने तिची साल सोलवटते. सगळेच काहीतरी गुंडाळतात, ग्लेनिस. कौन्सिलचा नियमच आहे.”

“आणि माझ्याखाली काय होतं?”

“गवत होतं की.”

“गवतात दगड होता. माझ्या सालीसाठी कौन्सिलचा काही नियम नाही वाटतं.”

“मी लगेच धावत आलो ना.”

“आधी तिच्याकडे धावलास. पांघरूण बाजूला करून तिच्या अंगावरून हात फिरवलास. मी पडल्या पडल्या बघत होते.”

“कुठे खरचटलंय का, एवढंच पाहिलं.”

“मला विचारलंस का तसं?”

“नंतर विचारलं.”

“हो, नंतर.”

“बरं, चुकलं माझं. आण तो फॉर्म, मी भरतो. अपघाताच्या वेळी सोबत कोण होतं, असं विचारलंय.”

“निलगिरी लिही.”

“ग्लेनिस, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. लिही.”

“पुढे नातं विचारलंय.”

“सवत.”