भूल देण्याआधी

श्रीरामपूरच्या दवाखान्यात सलाईनच्या थेंबांबरोबर प्रार्थनाचा डोळा लागत होता. पडद्यापलीकडचं म्हातारं जोडपं तिला पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येत होतं.

"अवो, भूल द्यायच्या आधी डॉक्टरीणबाईला गांज्याचं सांगा."

"दया, ती आपल्याच चर्चची पोरगी हाय. रविवारी मी तिच्यापुढं बायबल वाचतो."

"आन् भूल कमीजास्त झाली म्हंजे?"

"व्हऊ दे. चर्चचा पंच गंजेडी, हे न्हाई ऐकायचं मला."

"कंबर दुखती म्हणून ओढता ना?"

"तू नको बोलू. तुला तर त्याचा वासबी सोसत न्हाई."

पडद्यावरचं ऊन हललं. डॉक्टरीणबाई आली होती.

"योहानकाका, काही नशापाणी?"

"न्हाई."

"लिही पोरी," दया म्हणाली, "गांजा. आमी दोघंबी ओढतो."