दारुड्याचा सदरा

बाहुल्यांचे कपडे कुठून आणतो, असं विचारलंत ना? नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास मी बारामतीच्या बोहारणीकडून जुने कपडे घेऊन त्यातून शिवायचो. एकदा कळंबला दारूबंदीचा खेळ केला. गोष्ट मीच लिहिलेली. खेळातल्या बायकोनं दारुड्या बाहुल्याला लाटण्यानं बडवला, तशी माणसं पोट धरून हसली.

खेळ संपल्यावर एक म्हातारी पुढं आली. दारुड्याच्या सदऱ्यावरचं ठिगळ चाचपत म्हणाली, "हे मी लावलंय. आमचं मालक गेल्यावर सदरा बोहारणीला पातेल्यावर दिला हुता."

मी बाहुल्याच्या अंगातला सदरा काढायला लागलो. म्हणालो, "आजी, घेऊन जा हा."

"नगं. पर त्यांनी जल्मात दारूला हात लावला न्हाय, बाबा."

तेव्हापासून दारुड्याला मी माझाच सदरा कापून घालतो.