सहीनंतरचा बदल

पद्मिनीबाई : ...आणि काल तन्वीनं सरळ नणंदेला फोन केला! "ताई, राजीनामा देऊ नका, थांबा." मला विचारलं? तीन महिन्यांसाठी आले, विमानं बंद म्हणून वर्ष होत आलं. या घरात मी माणूस आहे, का कपबशी?

गिरीश : आई, हळू. तन्वी पलीकडे मीटिंगमध्ये आहे.

पद्मिनीबाई : ऐकू दे. माझ्या निहारिकेला इथं आयर्लंडात, मलिंगारच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. पत्र आलं, सही आहे, हिरवी खूण आहे. आज राजीनामा गेला नाही तर नोटीस भरून एप्रिलला ती इथं हजर कशी होणार? आणि तुझी बायको म्हणते, सही तपासते!

गिरीश : खोटी पत्रं फार फिरतायत गं. साताऱ्याची नोकरी सोडली आणि इथली नसलीच, तर?

तन्वी : (हेडफोन काढत) झाली मीटिंग. आई, सगळं ऐकलं. माझा माइक बंद होता म्हणून ऑफिस वाचलं.

पद्मिनीबाई : बरं झालं ऐकलंस ते. काय खोट निघाली, सांग.

तन्वी : तेच कळत नाहीये. हिरवी खूण काय, कुणीही चिकटवेल. म्हणून मी ती डिजिटल सहीच उघडून बघितली. नाव हॉस्पिटलच्या मॅनेजरबाईंचंच आहे. पण खाली येतंय, सही झाल्यावर कागदात बदल केलाय.

पद्मिनीबाई : सही घ्यायची आणि मग मजकूर फिरवायचा? असले दोघं आमच्या गावात होते.

तन्वी : म्हणून ताईंना थांबवलं. मी फाइल घेतली आपल्या घरच्या ग्रुपवरून. तिथे कुणी टाकली होती?

गिरीश : मी.

तन्वी : जशी आली तशी?

गिरीश : म्हणजे... आई म्हणाली म्हणून... वरती जरासं...

पद्मिनीबाई : त-त-प-प काय करतोस? श्री घालायला लावला मी. शुभ कामाचा कागद, आणि माथ्यावर श्री नाही? तसा पाठवतात सगळ्यांना?

तन्वी : श्री?

गिरीश : लाल रंगात. दोन्हीकडे दोन-दोन दंड. मग सेव्ह केलं.

तन्वी : अरे देवा! सहीनंतर टिंब जरी घातलं ना, तरी ते पकडलं जातं. ताईंना आलेली मूळ मेल माग. फोटो नको, मेलच हवी.

गिरीश : पाठवली तिनं. फोन हातात धरूनच बसलीय बिचारी.

तन्वी : थांबा हं... सही खरी. बदल काहीच नाही. आता हॉस्पिटललाच फोन करते. नंबर त्यांच्या वेबसाइटवरून घेतलाय.

पद्मिनीबाई : पत्रावर आहे की छापलेला.

तन्वी : पत्र खोटं असेल तर तो नंबरही फसवणाऱ्यांचाच असेल ना, आई?

पद्मिनीबाई : हां. स्थळाची चौकशी नवऱ्यामुलाच्या मामाकडं करायची नाही. कळलं. लाव फोन.

गिरीश : आई, बस ना जरा. येरझाऱ्या घालून काय होणारे?

पद्मिनीबाई : तू गप्प. तिला बोलू दे.

तन्वी : झालं बोलणं! मॅनेजरबाई स्वतःच होत्या. म्हणाल्या, "ग्रँड, छानच, आम्ही निहारिकाची वाट बघतोय."

गिरीश : सुटलो! आई, घे फोन, तूच सांग तिला.

पद्मिनीबाई : तू सांग. म्हणावं, दे राजीनामा. मला आधी हिच्याशी बोलायचंय. तन्वी, इकडं बघ. रडत नाहीये मी, उगाच जवळ येऊ नकोस. कालपासून तुला मनात काय काय म्हटलं, ते सांगायची नाही. पत्र आलं तेव्हा मी हरखले, हा हरखला, तिकडं साताऱ्यात पेढे वाटून झाले. माझ्या लेकीसाठी घाबरलं कोण, तर तू एकटी. बरी मिळालीस गं तू आम्हाला.